नव्या बाइंडिंगला जुन्या गिटारचं रूप: पिवळेपणा प्लास्टिकमध्ये नाही, वरच्या थरात असतो

प्रश्न थोडक्यात असा: गिटारच्या बॉडीला आणि नेकला नवी पांढरी प्लास्टिकची बाइंडिंग, म्हणजे कडेनं फिरणारी अरुंद पट्टी, बसवली आहे. बाकी गिटार जुन्या वळणाची दिसते, पण कडेची पट्टी नव्या ट्यूबलाइटसारखी डोळ्यांत भरते. बाइंडिंगचा एक तुकडा रात्रभर कडक चहाच्या पाण्यात ठेवून पाहिला. रंग आला, पण ओलं फडकं फिरवताच निघून गेला. मग पन्नास-साठ वर्षांच्या गिटारवर दिसते तशी साईच्या, मधाच्या छटेची कड कशी आणायची?

आधी चहाचं पाहू. चहातलं टॅनिन धाग्याला आणि प्रथिनाला धरतं, म्हणून सुती कापड, कागद, हाड चहानं छान रंगतात. हाडाचा नट (नेकच्या टोकाशी तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा) पाच-सहा तास कडक चहात ठेवला तर सुंदर जुना दिसतो आणि तो रंग टिकतो. पण हल्लीची बहुतेक बाइंडिंग एबीएस प्लास्टिकची असते. तिच्यात धागा नाही आणि ती पाणी जवळजवळ पीतच नाही. चहा-कॉफीचा रंग तिच्यावरच्या बारीक ओरखड्यांत तेवढा अडकतो. पुसलं की जातो, आणि जिथे जात नाही तिथे डाग दिसतो, जुनेपणा नाही.

यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जुन्या गिटारची बाइंडिंग आपल्याला पिवळी दिसते तो रंग बहुतेक वेळा प्लास्टिकचा नसतोच. तो तिच्यावरच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा असतो. १९५०च्या दशकातली गिब्सनची लेस पॉल गिटार जवळून पाहा. कारखान्यात बॉडीवर रंग मारून झाल्यावर बाइंडिंगवरचा रंग ब्लेडनं खरवडून काढत आणि मग सगळ्यावर मिळून पारदर्शक लॅकर मारत. तेच लॅकर उजेडानं आणि वयानं पिवळं पडलं. उजवा हात जिथे वर्षानुवर्षं टेकला तिथे लॅकर झिजून गेलेलं असतं आणि खालची पट्टी बरीच फिकट दिसते. जुन्या नेकच्या कडेवर दुरुस्तीसाठी ब्लेड फिरवला की मधाच्या रंगाची भुकटी निघते आणि खालून साईसारखं पांढरट प्लास्टिक डोकावतं. हे एकदा नीट लक्षात आलं की पुढचा मार्ग आपोआप ठरतो: प्लास्टिक रंगवत बसायचं नाही, त्यावरच्या पारदर्शक थराला रंग द्यायचा.

अपवाद आहे, पण तो सेल्युलॉइडचा. खरं सेल्युलॉइड, म्हणजे कापूर घातलेलं नायट्रोसेल्युलोज, स्वतःसुद्धा आतून पिवळं पडतं. आयव्हरॉइड नावाची हस्तिदंतासारख्या रेषा असलेली पट्टी त्याचीच. ती विकत घेतानाच थोडी पिवळसर असते, तिला फार काही करावं लागत नाही.

प्लास्टिक न रंगवण्याचं दुसरंही एक कारण आहे, आणि पट्टी आधी रंगवून मग बसवणाऱ्यांचा घात तेच करतं. बाइंडिंग चिकटवल्यावर ती बॉडीशी सपाट करावी लागते. वरून आणि बाजूनं खरवडून, घासून दोन-तीन दशांश मिलिमीटर प्लास्टिक सहज निघतं. पॉलिएस्टर कापडाच्या गरम रंगात पट्टी बुडवली, तर एबीएस खरोखर रंगतं. पाणी ७०–८० अंश सेल्सिअस ठेवायचं, मिनिटामिनिटाला बाहेर काढून पाहायचं, उकळू द्यायचं नाही, कारण १०० अंशांच्या आसपास एबीएस मऊ पडून वेडंवाकडं होतं. पण तो रंग कातडीपुरता असतो. सपाट करताना पहिल्याच फटक्यात निघून जातो आणि कुठे पिवळं, कुठे पांढरं असं ठिगळ राहतं. उन्हात ठेवून पिवळी केलेल्या पट्टीचंही तेच होतं. उन्हानं एबीएस पिवळं पडतं हे खरं आहे. त्यातला ब्युटाडाइनचा रबरासारखा अंश अतिनील किरणांनी ऑक्सिडाइज होतो. पण त्याच वेळी पृष्ठभाग ठिसूळही होतो, आणि अशी पट्टी कटअवेच्या (नेकजवळ बॉडीला दिलेल्या खाचेच्या) वळणावर वाकवली की तडकते. शिवाय कापडाच्या रंगाचं पाणी सेल्युलॉइडला अजिबात दाखवू नका, ते त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ होऊन आकार सोडतं.

पट्टी अजून घ्यायची असेल तर एवढं कराच: शुभ्र पांढरी घेऊ नका, क्रीम किंवा आयव्हरी छटेची घ्या. शुभ्र पट्टीवर पिवळा थर दिला की तो लिंबाच्या सालीसारखा दिसतो. क्रीमवर तोच थर जुन्या कागदासारखा बसतो.

पट्टी कशाची आहे ते आधी ओळखा

कोणतं द्रावण चालेल, हे प्लास्टिकवर ठरतं, म्हणून हे काम टाळू नका. पट्टीचा नखाएवढा तुकडा मिठाच्या संपृक्त पाण्यात टाका, १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. भांड्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहणार नाहीत. एबीएस तरंगतं, कारण त्याची घनता १.०५च्या आसपास आणि या पाण्याची १.२. सेल्युलॉइड आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, त्यांची १.३५ ते १.४ असते. मग बुडालेला तुकडा पॉलिश पेपरवर जोरात घासून लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड.

जाळून पाहण्याची पद्धतही आहे, पण ती मोकळ्या जागेत, चिमट्यात धरलेल्या केसाएवढ्या किसावर आणि खाली पाण्याची थाळी ठेवूनच. सेल्युलॉइड क्षणात भडकतं. एबीएस काळा काजळीचा धूर सोडत जळत राहतं. पीव्हीसी ज्योतीबाहेर काढलं की विझतं आणि नाकाला झोंबणारा आम्लाचा वास येतो. सेल्युलॉइड असेल तर त्याचा कीस आणि भुकटी डब्यात साठवू नका, पाण्यात टाका. हीट गन लांब ठेवा.

अ‍ॅसिटोन एबीएसलाही विरघळवतं आणि सेल्युलॉइडलाही. चिकटवताना त्याचा उपयोग होतो, रंग देताना त्याचं काम नाही. लॅकरच्या थिनरमध्ये अशीच कडक द्रावणं असतात, म्हणून पहिले हात ओले देऊन चालत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

रंग कसा जुळवायचा

पिवळेपणासाठी रंगद्रव्याची भुकटी किंवा ऑइल पेंट लॅकरमध्ये मिसळू नका. ते अपारदर्शक असतात, पट्टी पेंट मारल्यासारखी दिसते. लागतो तो थिनरमध्ये विरघळणारा पारदर्शक डाय. लाकडाच्या फिनिशसाठी मेटल-कॉम्प्लेक्स प्रकारचे घट्ट डाय थेंबांच्या बाटलीत मिळतात, ते उजेडात त्यातल्या त्यात टिकतात. फक्त पाण्यात विरघळणारे डाय लॅकरमध्ये फाटतात, बाटलीवर नीट वाचून घ्या.

सुरुवातीचं प्रमाण असं धरा: ५० मिलिलिटर पारदर्शक नायट्रो लॅकर, ५० मिलिलिटर त्याच कंपनीचं थिनर, त्यात अँबर (मधासारख्या) छटेच्या डायचे ६ थेंब आणि तपकिरीचा १ थेंब. बरणीत पाहिलं तर हे हलक्या चहासारखं दिसेल आणि कमी वाटेल. वाढवू नका. पट्टीवर हे तीन ते पाच हातांत चढणार आहे.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नारिंगी कड. नुसता अँबर डाय पांढऱ्यावर गेला की संत्र्याकडे झुकतो, आणि दुरूनही ओळखू येतं की हे बाटलीतलं म्हातारपण आहे. खरा जुना रंग पिवळा असतो, पण त्यात थोडा मळकट हिरवटपणा असतो, जुन्या पुस्तकाच्या पानाच्या कडेसारखा. नारिंगी वाटलं तर टाचणीचं टोक हिरव्या डायमध्ये बुडवून तेवढंच मिश्रणात घाला, ढवळा, परत पाहा. हिरवा तांबूसपणा मारतो. पूर्ण थेंब घातला तर काम बिघडतं आणि मग पुन्हा लॅकर ओतून पातळ करत बसावं लागतं.

नमुना पट्टी केल्याशिवाय गिटारवर पहिला हात देऊ नका. त्याच पट्टीचा १५ सेंटिमीटरचा उरलेला तुकडा घ्या. बॉडीच्याच लाकडाच्या तुकड्यावर चिकटवा, विशेषतः आयव्हरॉइडसारखी अर्धपारदर्शक पट्टी असेल तर, कारण खालच्या गडद लाकडानं तिची छटा बदलते. गिटारवर केली तशीच खरवडा आणि ३२० नंबरनं घासा. मग मास्किंग टेपनं पाच भाग पाडा. पहिल्यावर टिंट, म्हणजे डाय घातलेलं लॅकर, अजिबात नाही, दुसऱ्यावर एक हात, तिसऱ्यावर दोन, असं पाचव्यापर्यंत चार. वर पारदर्शक लॅकरचे दोन हात सगळ्यांवर. वाळल्यावर ही पट्टी खिडकीशी दिवसाच्या उजेडात धरा, सावलीत, थेट उन्हात नाही. एलईडीखाली जुळलेला रंग दिवसा हमखास वेगळा निघतो. डोळ्याला जो भाग पसंत पडेल, त्याच्या एक पायरी फिकट गिटारवर ठेवा. लांब कडेवर रंग छोट्या तुकड्यापेक्षा गडद भासतो, आणि नायट्रो स्वतःही पुढे पिवळं पडत जाणार आहे. डब्यावर "न पिवळणारं" असं लिहिलेलं असेल तर ते पुढे बदलणार नाही, मग पसंत पडलेली पायरीच घ्या.

गिटारवर काम

नवी किंवा उघडी बॉडी असेल तर क्रम असा ठेवा: लाकडाचा सीलर, बॉडीचा रंग किंवा सनबर्स्ट, मग बाइंडिंग खरवडणं, मग टिंट, शेवटी पारदर्शक लॅकर. खरवडायला एका बाजूला धार असलेला सरळ ब्लेड घ्या. त्याच्या धारेच्या एका टोकाला मास्किंग टेपचे तीन-चार वेढे असे द्या की उघडी धार पट्टीच्या रुंदीएवढीच राहील, बहुतेक बाइंडिंग १.५ मिलिमीटर जाड असते तेवढी. टेपचा भाग बॉडीवर टेकतो आणि ब्लेड लाकडाच्या रंगावर घसरत नाही. ब्लेड काटकोनात धरून स्वतःकडे ओढायचा. कापायचं नाही, फक्त किसायचं. कीस भुकटीसारखा निघाला पाहिजे. सालीसारखा निघायला लागला तर कोन चुकला किंवा जोर जास्त झाला.

नॅप्थानं (पटकन उडून जाणारं पेट्रोलजन्य द्रावण) पुसून घ्या. फर्निचर पॉलिशमधलं सिलिकोन कुठूनही आलं असेल तर लॅकरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, ते नंतर भरत नाहीत.

मग शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक अडसर थर. मेण काढलेल्या फिकट शेलॅकचे पापुद्रे १२ ग्रॅम, १०० मिलिलिटर मेथिलेटेड स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, गाळून. कापडाच्या घडीनं पट्टीवर एकदाच पातळ ओढा. हा थर लॅकरच्या थिनरला प्लास्टिकपासून लांब ठेवतो. पांढरी-काळी-पांढरी अशी थरांची बाइंडिंग असेल तर तो अत्यावश्यकच आहे. ओल्या लॅकरनं काळा थर मऊ पडून पांढऱ्यात ओघळला तर तो पुन्हा खरवडल्याशिवाय जात नाही.

टिंट देताना टेप कुठे लावायचा हे शांतपणे ठरवा. बॉडीचा रंग पिवळसर थराखालीही चालणार असेल, उदाहरणार्थ सनबर्स्ट किंवा नैसर्गिक स्प्रूस, तर टेप लावूच नका. टिंट कडेवर आणि तिच्या आसपास एखाद्या सेंटिमीटरवर विरत जाऊ द्या. जुन्या गिटारवर पिवळेपणा कडेच्या रेषेवर थांबत नाही, बॉडीवरही असतो. पांढरी, निळी किंवा काळी बॉडी असेल तर मात्र आधी बॉडीवर पारदर्शक लॅकरचे दोन हात देऊन एक-दोन दिवस वाळू द्या आणि मग ३ मिलिमीटर रुंदीचा बारीक रेघेचा विनाइल टेप लावा. साधा मास्किंग टेप ताज्या नायट्रोला धरून ओढला की थरासकट निघतो. टेप काढताना उलट्या दिशेनं, लॅकर पूर्ण कडक व्हायच्या आत, अर्ध्या तासाच्या अंतरात काढा.

एअरब्रश असेल तर ०.३ ते ०.५ मिलिमीटरची सुई, १ ते १.५ बार दाब, १० सेंटिमीटर अंतर. पहिला हात जवळजवळ कोरडा, धुक्यासारखा. पट्टी चमकायला लागली म्हणजे हात जास्त ओला झाला. दोन हातांमध्ये ४५ मिनिटं ते तास. दिवसाला तीन-चार हातांपेक्षा जास्त नको, आतलं द्रावण अडकून राहतं. हवेत दमटपणा असताना मारलं तर लॅकर दुधी पडतं. अशा दिवशी थांबणं हाच उत्तम उपाय. कटअवेच्या आतल्या वळणावर फवारा आपोआप दोनदा पडतो, तिथे हात पटकन न्या. टिंटवर दोन ते तीन पारदर्शक हात देणं चुकवू नका, कारण पुढे घासताना कागद आधी कडेवरच चावतो. वर संरक्षण नसेल तर सगळा रंग एका ओळीत निघून पांढरी रेघ पडते.

फवारणीचं साधन नाही, किंवा गिटार आधीच पूर्ण झालेली आहे? मग शेलॅक हाच तुमचा रंग. आत्ताचा बहुतेक कारखान्यातला फिनिश पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा असतो. बाइंडिंग त्याखाली काचेत बंद केल्यासारखी असते, तिच्यात काहीही शिरत नाही. कडेपुरता तो थर १००० नंबरच्या वॉटर पेपरनं मंद करा, नॅप्थानं पुसा, बाजूला टेप लावा. अँबर शेलॅक वरच्याच प्रमाणात विरघळवा. अंगठ्याएवढी सुती कापडाची पुडी करून त्यात थोडं भिजवा, तळहातावर टेकवून जास्तीचं काढून टाका, मग कडेवरून एका दमात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. मागे फिरायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. जिथे पुडी थांबते तिथे वाळल्यावर गडद ठिपका दिसतो. वीस मिनिटांनी पुढचा हात. तीन ते सहा हातांत हवी ती छटा येते. गार्नेट शेलॅक टाळा, ती लालसर तपकिरी असते आणि पांढऱ्यावर विटेसारखी दिसते. पॉलिएस्टरवर ही पद्धत मला सर्वांत आवडते, कारण पसंत पडलं नाही तर स्पिरिटच्या फडक्यानं पुसून पुन्हा सुरुवात करता येते. नायट्रो फिनिशवर मात्र पुसायला जाऊ नका. स्पिरिट नायट्रोलाही मऊ करतं आणि खालचा थर फडक्याबरोबर येतो.

झीज कुठे असते, कुठे नसते

सगळीकडे सारखा पिवळा रंग म्हणजे नुसता वेगळ्या रंगाचा नवेपणा. टिंट आणि पारदर्शक थर दोन-तीन आठवडे वाळले, नख दाबून उमटत नाही असं झालं, की मग घासायला घ्या. उजव्या हातानं वाजवणाऱ्याच्या गिटारवर झीज ठरलेल्या जागी असते. वरच्या कडेला, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकतो तिथे, वीसेक सेंटिमीटरच्या पट्ट्यात. मागच्या बाजूला छातीशी लागणाऱ्या कडेवर. खाली कंबरेच्या खोलगट भागात, जिथे गिटार मांडीवर बसते. नेकवर पहिल्या ते पाचव्या फ्रेटमध्ये (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). तिथे बारीक तारांच्या बाजूनं तर्जनीच्या मुळाशी तळवा सरकतो आणि जाड तारांच्या बाजूनं अंगठा. बाराव्याच्या पुढे नेकची कड बहुधा गडदच राहते. हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाचा ट्यूनर बसवलेला भाग) कडेला कुणी हात लावत नाही, तिथे पिवळा रंग सर्वांत भरीव ठेवा. कटअवेच्या आतही तसाच. आणि पिकगार्डखालची (बॉडीला ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या पत्र्याखालची) पट्टी फिकट, कारण तिथे उजेडच पोचलेला नसतो. हे शेवटचं बहुतेक लोक विसरतात, आणि एखाद्यानं पिकगार्ड काढला की सगळं उघडं पडतं.

राखाडी स्कॉच-ब्राइट किंवा ०००० स्टील वूल बोटाच्या टोकाला धरून या जागा घासा. मधोमध जवळजवळ पट्टीपर्यंत जा आणि दोन्ही बाजूंना हळूहळू विरत न्या. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअप टेपनं पूर्ण झाका. लोखंडाचे तंतू चुंबकाला चिकटले की काढताना जीव जातो. याच जागी पट्टीची धारही मोडायची. नवी बाइंडिंग कागद कापेल इतकी चौकोनी असते, जुनी हाताला गोल लागते. ४०० आणि मग १००० नंबरनं अर्ध्या मिलिमीटरची गोलाई पुरे. रंग कितीही जुळला आणि धार तशीच राहिली, तर डोळे फसतील, हात फसणार नाही.

रोझवुडच्या फ्रेटबोर्डवर लॅकर नसतं, त्यामुळे नेकच्या बाइंडिंगची वरची, फ्रेटच्या शेजारची अरुंद बाजू बाजूच्या कडेइतकी पिवळी नसते. तिथे पिवळ्याऐवजी मळ असतो. त्या बाजूचा टिंट ब्लेडनं हलकेच काढून टाका.

मळ आणि चिरा

मळासाठी चित्रकारांचा रॉ अंबर ऑइल रंग घ्या. नाव सारखं वाटलं तरी हा वर सांगितलेला अँबर डाय नव्हे, हा मातीचा थंड तपकिरी. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या रंगात नॅप्थाचे दहा-बारा थेंब. जुन्या टूथब्रशनं फ्रेटची टोकं बाइंडिंगला भिडतात त्या कोपऱ्यांत, बाइंडिंग आणि लाकडाच्या सांध्यात, बारीक ओरखड्यांत बसवा. दोन-तीन मिनिटांत कोरड्या फडक्यानं पट्टीला आडवं पुसा. लांबीच्या दिशेनं पुसलं तर सांध्यातला रंगही बाहेर ओढला जातो. उघड्या स्प्रूसवर किंवा मेपलवर याचा थेंबही पडू देऊ नका, तो शिरतो आणि निघत नाही. ऑइल रंग वाळायला काही दिवस घेतो. तोवर तारा चढवू नका, नाहीतर बोटांचे ठसे उमटतात. मळाचा रंग काळा नसावा. काळ्यानं नेक वापरलेली न दिसता घाणेरडी दिसते.

जुन्या नेकवर फ्रेटच्या टोकापाशी बाइंडिंगला केसासारख्या चिरा असतात. लाकूड आणि पट्टी वर्षानुवर्षं वेगवेगळी हलल्यानं त्या पडतात. हव्या असतील तर नव्या ब्लेडची धार फ्रेटच्या टोकाशी काटकोनात टेकवून एकदाच दाबा. लॅकरच्या खाली एक-दोन दशांश मिलिमीटर, त्याहून खोल नाही. बावीस फ्रेटपैकी पाच-सहांना पुरे, आणि ओळीनं लागोपाठ नको. वर तोच रॉ अंबर भरून पुसा. कंबरेपाशी आकसून बॉडीपासून सुटलेली बाइंडिंग मात्र कृत्रिमरीत्या करू नका. ती जुनी दिसण्याची खूण नाही, दुरुस्तीला आलेल्या गिटारची आहे.

काही बिघडलंच तर

एबीएसवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर वाकवलेल्या पट्टीत ताण होता आणि त्यावर थिनर जास्त ओलं पडलं. बहुधा कटअवेच्या टोकाशी होतं. तिथलं सगळं खरवडून अडसर थर देऊन पुन्हा करा. पट्टी आणि लाकडाचा सांधा काही दिवसांनी बोटाला जाणवायला लागला, तर चिकटवण्यातलं द्रावण उडून जाऊन पट्टी आकसली आहे. म्हणून बाइंडिंग चिकटवल्यावर सपाट करण्याआधी किमान दोन-तीन दिवस द्यावेत, आठवडा दिला तर उत्तम. टिंट ठिपक्याठिपक्यांनी बसला तर डाय नीट विरघळला नव्हता. मिश्रण बारीक कापडातून गाळायला हवं होतं. वरून आणखी टिंट मारून ते झाकता येत नाही, उतरवावंच लागतं.

आणि पट्टी जमली तरी शेजारी काय आहे ते पाहा. नट, स्विचची टोपी, पिकअपच्या भोवतालच्या चौकटी, ट्यूनरची बटणं शुभ्र असतील तर डोळा तिथेच अडखळतो. पर्लॉइडच्या, म्हणजे शिंपल्याची नक्कल करणाऱ्या प्लास्टिकच्या, जुन्या इनले (लाकडात जडवलेली नक्षी) सेल्युलॉइडच्या असायच्या, त्या पिवळ्या पडतात. खरा शिंपला पडत नाही, म्हणून खऱ्या शिंपल्याच्या इनलेवर टिंट मारू नका. हेडस्टॉकवरच्या शिंपल्याच्या नावावर मात्र मारा, कारण तिथे त्यावर लॅकर असतं.

शेवटचा हात झीज नसलेल्या भागावर: १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर, मग हातानं पॉलिश. मशीनचं बफर कडेवर लावू नका, धारेवरचा थर दोन सेकंदांत उडतो. काचेसारखी चमकही नको, जुन्या कडेला मऊ झळाळी असते. ताजं नायट्रो महिनाभर तरी केसच्या मखमलीवर दाबून ठेवू नका, तिची वीण लॅकरवर उमटते. रबराच्या स्टँडवर तर कधीच नाही, नायट्रो कितीही जुनं असलं तरी रबर त्याला मऊ करून चिकटतं.